प्लेटिंगच्या पाण्यातले तांबे-निकेल विजेने परत मिळते का? मिळते, पण गोळा टाकीत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत एक प्लेटिंग युनिट, म्हणजे मालावर विजेने धातूचा मुलामा देणारा कारखाना आहे, आणि प्रश्न त्याच्या मालकाचा आहे. अ‍ॅसिड कॉपर, ब्राइट निकेल आणि क्रोम अशी लाइन. रोज साधारण २०,००० लिटर रिन्सचे, म्हणजे माल धुतल्याचे, पाणी इटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत) जाते. तिथे चुना आणि कॉस्टिक टाकून धातू खाली बसवतात, आणि फिल्टर प्रेसमधून निघालेला केक, म्हणजे दाबलेला गाळ, रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवतात. एका विक्रेत्याने सुचवले आहे की इटीपीच्या गोळा टाकीतच, जिथे सगळे पाणी एकत्र येते, इलेक्ट्रोड सोडा, वीज लावा, तांबे-निकेल पत्र्यावर जमा होईल आणि सहा महिन्यांत पैसे वसूल होतील. हे खरे आहे का? आणि जाता जाता, मुलीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी याच विषयातले काही करता येईल का?

वीज लावून पाण्यातला धातू परत मिळतो, हे शंभर टक्के खरे आहे. तुम्ही बाथमध्ये, म्हणजे मुलामा द्यायच्या द्रावणात, रोज तेच करता. पण गोळा टाकीत तो प्रयत्न करू नका. का करू नये हे नीट समजले, तर कुठे करायचा हे तुम्हाला आपोआप कळेल.

आधी हिशेबाची बाजू पाहू, कारण विक्रेते तीच दाखवतात आणि ती खोटीही नसते. फॅरेडेच्या नियमाने १ अँपिअर-तासाला १.१९ ग्रॅम तांबे बसते, निकेल १.०९ ग्रॅम आणि चांदी तब्बल ४ ग्रॅम. एक किलो तांब्याला सुमारे ८४३ अँपिअर-तास लागतात. सेलवर (इलेक्ट्रोड सोडलेल्या टाकीवर) अडीच व्होल्ट आणि कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर किलोला जेमतेम २.८ युनिट वीज. युनिट १० रुपयांना पडले तरी किलोमागे २८ रुपये. तांब्याचा भाव त्या दिवशीचा तुम्हीच लावून बघा. कागदावर हे इतके सुंदर दिसते की माणूस लगेच ऑर्डर देतो.

या हिशेबातला ७५ टक्क्यांचा आकडा कुठून आला, हे मात्र कोणी विचारत नाही. तो पाण्यात तांबे किती आहे यावर ठरतो. कॅथोडच्या, म्हणजे धातू ज्यावर बसतो त्या ऋण टोकाच्या, पत्र्याला चिकटून पाण्याचा एक अगदी पातळ, न हलणारा थर असतो. तांब्याचा आयन त्या थरातून सरकत सरकत पत्र्यापर्यंत पोहोचतो, आणि किती आयन पोहोचतील हे बाहेरच्या पाण्यातल्या तांब्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. लिटरला १ ग्रॅम तांबे असलेल्या स्थिर पाण्यात चौरस मीटरला फक्त २० अँपिअरच्या आसपास करंट तांब्याच्या कामी येतो. हेच प्रमाण लिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर २ अँपिअर. त्यापुढे रेक्टिफायरची (डीसी वीज देणाऱ्या यंत्राची) मूठ कितीही फिरवली तरी जादा करंट पाणी फोडण्यात जातो आणि पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. रिकाम्या स्टँडवर एसटी जास्त सोडल्या म्हणून प्रवासी वाढत नाहीत, तसे हे आहे.

आता तुमच्या लाइनचे आकडे मांडू. समजा कॉपर बाथमधून जिगबरोबर (माल टांगायच्या चौकटीबरोबर) तासाला २ लिटर द्रावण बाहेर जाते, यालाच आपण ड्रॅग-आउट म्हणतो. दोन पाळ्यांचे १६ तास धरले तर दिवसाला ३२ लिटर. बाथमध्ये कॉपर सल्फेट लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे तांबे ५० ग्रॅम. दिवसाला १.६ किलो तांबे लाइनबाहेर गेले. हे १.६ किलो २०,००० लिटरमध्ये मिसळले की लिटरला ८० मिलिग्रॅम उरते. त्यात निकेल, क्रोम, तेल काढणाऱ्या डिग्रीजरचा साबण, चकाकी आणणारा ब्राइटनर आणि लोखंडही आलेच. हेच १.६ किलो तांबे बाथनंतरच्या पहिल्याच टाकीत, वाहते पाणी बंद करून अडवले, तर तिथे लिटरला काही ग्रॅम तांबे सापडते आणि दुसरा कोणताही धातू नसतो. तांबे तेवढेच आणि वीजही तीच. एका जागी धंदा होतो, दुसऱ्या जागी नुसते बुडबुडे निघतात.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. खूप वर्षांपूर्वी एका युनिटमध्ये मी स्वतः मिश्र पाण्याच्या टाकीवर सेल बसवून दिला होता. मालकाचा माझ्यावर विश्वास होता. तीन आठवडे रेक्टिफायर चालू राहिला. पत्र्यावर काळी भुकटी धरायची, बोट लावले की सुटायची, आणि पाण्यातले तांबे जवळपास होते तेवढेच. आम्ही करंट वाढवला, तशी भुकटी आणखी काळी झाली. शेवटी पहिल्या रिन्स टाकीतले एक बादली पाणी आणून त्याच सेलमध्ये ओतले, आणि दोन तासांत पत्रा गुलाबी झाला. तेव्हापासून कोणत्याही युनिटमध्ये गेलो की इटीपीकडे नंतर जातो. आधी लाइनवर उभा राहून जिग बाथमधून वर आल्यावर किती सेकंद निथळते ते मोजतो.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. निथळायचा वेळ १० सेकंदांवरून ३० सेकंदांवर नेला, जिगवर माल थोडा तिरपा लावला, पेल्यासारख्या आकाराच्या मालाचे तोंड खाली केले, की ड्रॅग-आउट दिसण्याइतका कमी होतो. जो धातू बाथमध्येच परत टपकला, तो मिळवायला कोणताही सेल लागत नाही.

मग मोजमाप. कॉपर बाथनंतरची पहिली टाकी रिकामी करून स्वच्छ पाण्याने भरा, वाहते पाणी बंद ठेवा आणि एक पाळी नेहमीसारखे काम करा. पाळी संपल्यावर नमुना घेऊन तांबे मोजायचे आयोडीन-थायोसल्फेटचे टायट्रेशन करा. ५०० लिटरच्या टाकीत ५० जिगनंतर लिटरला १.२ ग्रॅम तांबे आले, तर एकूण ६०० ग्रॅम, म्हणजे जिगमागे १२ ग्रॅम. या आकड्यावरच सेल केवढा लागेल ते ठरते. विक्रेत्याच्या पत्रकातला आकडा इथे उपयोगी नाही. वर धरलेला तासाला २ लिटरचा आकडाही माझा अंदाज आहे, तुमचा खरा आकडा टाकीच सांगेल.

आता सेलबद्दल सविस्तर. दिवसाला १.६ किलो तांबे काढायला ७५ टक्के कार्यक्षमतेने सुमारे १,८०० अँपिअर-तास लागतात. सेल २० तास चालला तर ९० अँपिअर. पंपाने पाणी जोरात फिरवले, किंवा पत्र्याखालून हवा सोडली, तर तो न हलणारा थर पातळ होतो, आणि लिटरला दीड-दोन ग्रॅम तांब्यावर चौरस मीटरला १०० अँपिअर आरामात घेता येतात. म्हणजे कॅथोडचे क्षेत्रफळ फक्त एक चौरस मीटरच्या आसपास. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचे दोन पत्रे, दोन्ही बाजू वापरल्या की झाले. एवढासा सेल पहिल्या रिन्स टाकीशेजारी उभा करायचा, टाकीतले पाणी पंपाने त्यात घ्यायचे आणि परत टाकीत सोडायचे. सेल सतत चालू, आणि टाकीतले तांबे दीड ग्रॅमच्या आसपास स्थिर.

तांबे याहून खाली नेण्याचा मोह टाळा. टाकी दीड ग्रॅमवर असली, तर पुढच्या रिन्समध्ये दिवसाला ३२ लिटरबरोबर फक्त ४८ ग्रॅम तांबे जाते. १,६०० ग्रॅमचे ४८ ग्रॅम झाले. उरलेले ४८ सुद्धा सेलनेच काढायचे ठरवले तर करंट वाया जातो आणि पत्र्यावर भुकटी धरते. ते काम इटीपीला करू द्या. तांबे आणि निकेल, दोन्हींची सोडण्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे आणि इटीपी तुम्हाला बंद करायची नाहीच. फक्त तिच्यावरचा भार एवढा उतरतो की केकचे वजन पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. एक किलो तांबे हायड्रॉक्साइड होऊन बसले की कोरडे दीड किलो होते, आणि प्रेसमधून निघालेल्या ओल्या केकमध्ये पाच-सहा किलो. चुन्याचा जिप्सम त्यात वेगळा. घातक कचरा म्हणून त्याची वाहतूक आणि विल्हेवाट किलोवर मोजली जाते. माझ्या पाहण्यात पुष्कळ युनिटना तांब्याच्या भावापेक्षा केकच्या खर्चातली बचत आधी जाणवते.

साहित्यात दोन ठिकाणी कंजुषी नको. पहिले अ‍ॅनोड. कॅथोडसमोरच्या या धन टोकासाठी टायटॅनियमवर ऑक्साइडचा लेप दिलेला अ‍ॅनोड घ्या, पण घेताना लेप इरिडियमचा आहे हे विचारून घ्या. बाजारात रुथेनियमचा लेप स्वस्तात मिळतो. तो क्लोरीन निघणाऱ्या द्रावणासाठी आहे, सल्फेटच्या द्रावणात ऑक्सिजन निघताना लवकर झिजतो. शिशाचा अ‍ॅनोड लावला तर शिसे तुमच्या टाकीत उतरेल. स्टेनलेसचा पत्रा अ‍ॅनोडला लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो विरघळतो आणि निकेल-क्रोम पाण्यात सोडतो. कॅथोडला मात्र ३१६ स्टेनलेसचा पत्रा उत्तम. कडांना प्लेटिंगची टेप लावा, म्हणजे तांब्याचा पत्रा कडेला वळून अडकत नाही आणि जाडी आली की सोलून निघतो.

दुसरी गोष्ट हवा. अ‍ॅनोडवरून निघणाऱ्या बुडबुड्यांबरोबर आम्लाचे बारीक तुषार उडतात. ते कामगाराच्या नाकातोंडात जातात, दात आणि घसा खराब करतात. सेलवर प्लॅस्टिकचे पोकळ गोळे तरंगत ठेवा आणि छोटा एक्झॉस्ट लावा. कॅथोडवर थोडा हायड्रोजनही निघतो, तेव्हा सेल बंद पेटीत किंवा कोंदट कोपऱ्यात नको.

एक गोष्ट बहुतेकांना सहा महिन्यांनी कळते. तांबे काढले की आम्ल मोकळे होते, एक किलो तांब्यामागे दीड किलोच्या वर सल्फ्युरिक. बाथमधून आलेले आम्ल त्यात मिळवले की टाकी दिवसेंदिवस आंबट होत जाते. म्हणून आठवड्याला थोडे पाणी काढावे लागते. ते पिकलिंगच्या (आम्लाने गंज काढायच्या) टाकीत ओतायची कल्पना सगळ्यांना सुचते, मलाही सुचली होती. पण त्यात लिटरला दीड ग्रॅम तांबे असते आणि लोखंडी माल आत गेला की त्यावर वीज न लावताच तांब्याचा सैल थर बसतो. त्यावर केलेले प्लेटिंग सोलून निघते. ते आम्ल इटीपीत डिग्रीजरचे अल्कली पाणी उदासीन करायला वापरा. काढण्याआधी तो भाग सेलमध्ये एकटा काही तास जास्त चालवला तर तांबे आणखी उतरते.

भोसरीत गुरुवारी बऱ्याचदा वीज नसते, त्याची आठवण ठेवा. करंट बंद झाला की आम्लात, हवा लागताच, बसलेले तांबे हळूहळू परत विरघळते. बुधवारी रात्री पत्रे वर उचलून ठेवायचा नियम करा. अचानक लाईट गेली तरी पाळीवरच्या माणसाला हे माहीत हवे.

मिळालेले तांबे अ‍ॅसिड कॉपरच्या अ‍ॅनोड बास्केटमध्ये टाकू नका. तिथे फॉस्फरस असलेले तांबे लागते, साध्या तांब्याने गाळ सुटतो आणि मालावर खडे येतात. भंगारवाल्याला चांगल्या तांब्याच्या भावाने द्या. आणि हे सगळे सुरू करण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात हा बदल नोंदवून घ्या, नंतर समजावत बसण्यापेक्षा ते सोपे.

निकेलसाठी मात्र माझा सल्ला वेगळा आहे आणि विक्रेत्याला तो आवडणार नाही. निकेलला सेल नको. तुमचा निकेल बाथ ५०–६० अंशांवर चालतो, पातळी रोज खाली जाते आणि तुम्ही नळाचे पाणी टाकून ती भरता. ते पाणी पहिल्या ड्रॅग-आउट टाकीतून, म्हणजे बाथनंतरच्या वाहते पाणी बंद ठेवलेल्या टाकीतून घ्या, आणि ड्रॅग-आउट टाकीत डीएम (क्षार काढलेले) पाणी टाका. निकेल, बोरिक आम्ल, ब्राइटनर, सगळे जिथून गेले तिथे परत आले. अ‍ॅसिड कॉपरला हे जमत नाही, कारण तो बाथ थंड असतो आणि पाणी उडत नाही. म्हणून तिथे सेल लागतो.

परत आलेल्या पाण्याबरोबर घाणही परत येते, हे खरे. निकेल बाथमध्ये तांबे, जस्त आणि ब्राइटनरचे तुकडे साठतात. त्यासाठी डमी, म्हणजे मालाऐवजी नुसता पत्रा लावून घाण त्यावर उतरवणे, नियमित चालवा. पन्हाळी पत्रा, अगदी कमी करंट, चौरस डेसिमीटरला अर्ध्या अँपिअरच्या खाली. तांबे निकेलच्या आधी बसते, म्हणून तेवढ्या करंटवर तेच उतरते. सेंद्रिय घाणीसाठी कार्बन आहेच.

निकेलला सेल लावायचीच वेळ आली, उदाहरणार्थ बाथ बिघडला आणि टाकून द्यावा लागला, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. निकेल बसवायला हायड्रोजन काढण्यापेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे पाणी आंबट झाले की निकेल सोडून हायड्रोजनच निघू लागतो. शिवाय निकेल बसताना पाणी स्वतःहून आंबट होत जाते. पीएच चारच्या वर धरून ठेवायला किलो निकेलमागे जवळजवळ १.४ किलो कॉस्टिक लागते, तेही थेंबथेंब, एकदम ओतले तर निकेलचा हिरवा गाळ होतो. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. निकेल बाथमध्ये क्लोराइड असते आणि अ‍ॅनोडवर त्याचा क्लोरीन होतो. दोन्ही टोके वेगळी ठेवणाऱ्या पडद्याचा सेल किंवा नीट एक्झॉस्ट नसेल तर ते काम सुरूच करू नका.

क्रोमबद्दल दोनच वाक्ये. क्रोमिक आम्लातला क्रोम ऋण आयनाच्या रूपात असतो, या सेलमध्ये तो पत्र्यावर येणार नाही. दोन-तीन ड्रॅग-आउट टाक्या लावा, जमेल तेवढे बाथमध्ये परत घ्या आणि बाकीच्यावर बायसल्फाइटची प्रक्रिया करून इटीपीत सोडा.

पुढच्या रिन्सच्या पातळ पाण्यातलेही तांबे हवे असेल, तर त्याचा मार्ग आधी घट्ट करण्याचा आहे. कॅटायन रेझिनच्या (धातूचे धन आयन धरून ठेवणाऱ्या मण्यांच्या) कॉलममधून पाणी सोडायचे, रेझिन भरले की सल्फ्युरिकने धुवायचे, आणि ते धुवण, ज्यात तांबे पुन्हा ग्रॅममध्ये आलेले असते, सेलला द्यायचे. कार्बन फेल्टचे किंवा काचेच्या मण्यांनी ढवळलेले सेल पातळ पाण्यात चालतात, त्यांचे शास्त्र पक्के आहे. पण फेल्टमध्ये अडकलेले तांबे परत विरघळवून काढावे लागते. तुमच्या आकाराच्या युनिटला मी ते आज सुचवणार नाही.

चांदीचे काम करणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. आपल्याकडे झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर आणि राख धुऊन सोने काढत आले. एक्स-रेच्या हायपोमधून (फिल्म पक्की करायच्या द्रावणातून) चांदी काढणारेही होते, डिजिटल आल्यावर ते काम आटले. ड्रॅग-आउट टाकीवरचा सेल हे त्याच जातीचे काम आहे, आणि चांदीत ते सर्वांत लवकर फेडते, कारण एका अँपिअर-तासाला ४ ग्रॅम. सायनाइडच्या टाकीत चांदी कॅथोडवर बसते आणि अ‍ॅनोडवर सायनाइडही काही प्रमाणात नष्ट होते. पण त्या पाण्यात आम्लाचा एक मगही पडता कामा नये. सायनाइड आणि आम्ल एकत्र आले की निघणारा वायू काही मिनिटांत माणूस मारतो. पाइप, बादल्या, गटार, सगळे वेगळे ठेवा, आणि नवीन मुलगा कामावर आला की पहिल्या दिवशी हेच सांगा.

विक्रेत्याशी भांडू नका. त्याला एवढेच म्हणा की आमच्या गोळा टाकीतले २० लिटर पाणी घेऊन जा, तुमच्या यंत्रात चालवा, आणि आधीचे-नंतरचे तांबे व लागलेले अँपिअर-तास लिहून द्या. मग पहिल्या रिन्स टाकीतले २० लिटर द्या आणि तेच मागा. दोन कागद शेजारी ठेवले की तुम्हाला माझीही गरज उरणार नाही.

आता मुलीच्या प्रकल्पाबद्दल. धातूंऐवजी तिला फॉस्फरस घेऊ द्या. भारत खतासाठी लागणारे रॉक फॉस्फेट बहुतांश बाहेरून आणतो आणि आपण फॉस्फरस रोज संडासातून सोडून देतो. इथेही तीच गोष्ट. घरच्या सांडपाण्यात लघवीचा वाटा जेमतेम एक टक्का, पण निम्म्याच्या आसपास फॉस्फरस आणि बहुतेक नायट्रोजन त्या एका टक्क्यात असतो. गटारात मिसळल्यावर लिटरला काही मिलिग्रॅम उरतो, मिसळण्याआधी शेकडो मिलिग्रॅम.

प्रयोग सोपा आहे. लघवी झाकलेल्या डब्यात काही दिवस साठवली की युरियाचा अमोनिया होतो आणि पीएच नऊच्या आसपास जातो. त्यात मॅग्नेशियम मिळाले की स्ट्रुवाइट नावाचा क्षार बसतो, मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकत्र. हे सावकाश विरघळणारे चांगले खत आहे. मॅग्नेशियमसाठी गीझरमध्ये असतो तो मॅग्नेशियमचा रॉड अ‍ॅनोड म्हणून लावायचा आणि समोर स्टेनलेसची पट्टी. लिटरभर लघवीत ०.४ ग्रॅम फॉस्फरस धरला तर मॅग्नेशियम ०.३१ ग्रॅम लागते, म्हणजे ०.७ अँपिअर-तास. २०० मिलिअँपिअरवर साडेतीन तास. रॉडचे वजन आधी आणि नंतर करायला सांगा. हिशेबापेक्षा जास्त मॅग्नेशियम गेलेले दिसेल, कारण तो धातू करंटशिवायही थोडा झिजतो, आणि परीक्षकांना सांगण्यासारखे खरे निरीक्षण तेच आहे. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. बीकरच्या तळाशी बारीक पांढरे स्फटिक साठले की ते गाळून सावलीत वाळवायचे. कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये तापवले तर त्यातला अमोनिया उडून जातो आणि वजन चुकते.